‘बॅराकुडा’ कोणाच्या समुद्राचा पहारेकरी?

१२ मार्च २०१५ रोजी मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथे एक गस्ती नौका समारंभपूर्वक सेवेत दाखल करण्यात आली. दिवस मुद्दाम निवडलेला होता. १९६८ साली याच तारखेला मॉरिशस ब्रिटिशांच्या अमलातून मुक्त झाला. समारंभाला भारताचे पंतप्रधान जातीने हजर होते. नौकेचे नाव ‘बॅराकुडा’. कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेली ही नौका सुमारे ७४ मीटर लांबीची, १३५० टन वजनाची, ताशी वीस सागरी मैलांहून अधिक वेगाने धावणारी आणि तोफांनी सज्ज आहे. भांडवली वृत्तपत्रांच्या आनंदाला त्या दिवशी उधाण आले. भारताने परदेशाला बांधून दिलेली ही पहिली युद्धनौका, भारत आता हिंदी महासागराचा रखवालदार झाला, अशा मथळ्यांनी रकाने भरून गेले. मराठी वृत्तपत्रांनी त्यात आपली भर घातली. तिकडे ‘आपली माणसे’ आहेत, तेव्हा त्यांच्या दारात पहारा देणे हे थोरल्या भावाचे कर्तव्यच होय, असा त्यांचा सूर होता.

या जल्लोषात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. पहारेकऱ्याची योग्यता त्याच्या काठीच्या लांबीवरून ठरत नाही. तो कोणाच्या दारात उभा आहे, कोणाला अडवतो आणि कोणाला सलाम ठोकून आत सोडतो, यावरून ती ठरते. ‘बॅराकुडा’ सेवेत आल्यानंतरच्या वर्षांत मॉरिशसच्या समुद्रावर ज्या घटना घडल्या, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ते उत्तर सरकारी पत्रकांत सापडणार नाही. म्हणून ते येथे मांडणे भाग आहे.

अभिमान कोणाचा आणि मालकी कोणाची?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘बॅराकुडा’ ही भारतीय कामगारांच्या कौशल्याची साक्ष आहे आणि त्या कौशल्याचा अभिमान बाळगण्यात काहीही गैर नाही. २०१६ आणि २०१७ साली मॉरिशसला मिळालेल्या ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन जलद गस्ती नौका गोव्याच्या गोदीत, वास्कोच्या कामगारांनी बांधल्या. पत्रे कापणारा, वितळजोड करणारा, यंत्रे बसविणारा हा कामगार नसता, तर फीत कापायला पंतप्रधानांना नौकाच मिळाली नसती.

परंतु ही गोदी कोणी उभी केली? खाजगी भांडवलाने नव्हे. गार्डन रीच १९६० साली सरकारने ताब्यात घेतली आणि सार्वजनिक पैशाने, पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने ती वाढली. ज्या सरकारने २०१५ साली तिच्या नौकेपुढे छाती फुगविली, त्याच सरकारने २०१८ साली तिचे सुमारे एक चतुर्थांश भागभांडवल शेअरबाजारात विकायला काढले. कौतुक राष्ट्राच्या नावाने करायचे आणि नफ्याचा वाटा बाजाराच्या हवाली करायचा, ही या राज्यकर्त्यांची देशभक्ती! कामगारांचा अभिमान आणि राज्यकर्त्यांचा अभिमान या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांची सरमिसळ करणे हेच भांडवली प्रचाराचे पहिले कसब होय.

इतिहासाचा एक धागाही विसरता येत नाही. याच कलकत्ता बंदरातून निघालेले ‘अ‍ॅटलस’ जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी ३६ मजुरांना घेऊन मॉरिशसला पोहोचले आणि करारबद्ध मजुरीची ती भीषण प्रथा मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती, पण ऊसमळ्यांच्या मालकांना हात हवे होते. पुढील सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे तेथे नेण्यात आली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सातारा भागांतील मराठी मजूरही होते. त्यांना ‘आपली माणसे’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की ही माणसे साम्राज्याच्या जहाजांतून, साम्राज्याच्या साखरेसाठी गेली. त्यांच्या वंशजांशी असलेले नाते रक्ताचे असेल, पण त्याहून खरे नाते शोषणाविरुद्धच्या लढ्याचे आहे. थोरल्या भावाची मिजास त्या नात्यात बसत नाही.

नौकेमागची हिशेबवही

आता नौकेचा हिशेब पाहू. ‘बॅराकुडा’ची किंमत ५ कोटी ८५ लाख डॉलर होती. त्यांपैकी ४ कोटी ८५ लाख डॉलर भारताच्या एक्झिम बँकेने ‘लाइन ऑफ क्रेडिट’ म्हणून, म्हणजे स्वच्छ मराठीत कर्ज म्हणून, दिले. या कर्जाची रीत अशी असते, की ऋणको देशाच्या नावावर बोजा चढतो आणि मालाची मागणी धनको देशाच्या कारखान्याकडे येते. कर्जाचे स्वरूप सवलतीचे असेल, पाश्चात्त्य सावकारांच्या फासापेक्षा ते सौम्यही असेल. पण त्याला ‘भेट’ म्हणणे ही फसवणूक आहे. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी मॉरिशसशी व्यापारविषयक व्यापक करार झाला, त्याच दिवशी संरक्षणसामग्रीसाठी आणखी १० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. बाजारपेठ आणि शस्त्रसामग्री यांच्या सह्या एकाच बैठकीत व्हाव्यात, हा योगायोग नव्हे.

मॉरिशसला सैन्य नाही. त्याचे तटरक्षक दल १९८७ साली स्थापन झाले आणि ते पोलिसांचाच एक विभाग आहे. १९७४ साली भारताने ‘अमर’ ही नौका दिली, १९९३ साली ‘गार्डियन’ दिली. १९९६ साली चिलीत बांधलेली ‘व्हिजिलंट’ आली आणि तिच्यानंतर ‘बॅराकुडा’. २०११ साली मॉरिशसच्या बेटांवर भारताने आठ किनारी रडार केंद्रे उभारली. दलाचे प्रमुखपद दीर्घकाळ भारतीय नौदलातून तात्पुरते पाठविलेल्या अधिकाऱ्यांकडे राहिले. मार्च २०२५ मधील दोन्ही देशांच्या संयुक्त निवेदनात ‘व्हिक्टरी’, ‘व्हॅलियंट’ आणि ‘बॅराकुडा’ या तिन्ही नौकांच्या डागडुजीचा भार अनुदान म्हणून उचलण्याची तयारी भारताने दाखविली. नौका भारताची, यंत्रांचे सुटे भाग भारताचे, डोळे भारताचे आणि सेनापतीही बहुधा भारताचा! पाचपन्नास वर्षांच्या सहकार्यानंतरही छोट्या मित्राला स्वतःच्या पायांवर उभे करण्याऐवजी कुबड्याच अधिक भारी होत गेल्या असतील, तर त्या सहकार्याची तपासणी करणे हे मैत्रीचेच काम आहे.

या देशाच्या समुद्राची व्याप्तीही ध्यानात घेतली पाहिजे. मॉरिशसची जमीन सुमारे २०४० चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. परंतु चागोससह त्याचे अनन्य आर्थिक क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातपटींहून अधिक आहे. मासळीची चोरी, अमली पदार्थांची वाहतूक, वादळात सापडलेल्या होड्या, संकटात सापडलेली जहाजे, हे सारे या समुद्रात आहे. तेव्हा गस्ती नौकेची गरज खरी आहे आणि ती नाकारणे हा मूर्खपणा ठरेल. प्रश्न नौका असावी की नसावी हा नाही. तिला कोणते हुकूम मिळतात, हा आहे. तीन प्रसंगांत त्याची कसोटी लागली.

पहिली कसोटी: चागोस

स्वातंत्र्य देण्याच्या तीन वर्षे आधी, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि ३० लाख पौंड त्याच्या पदरात टाकले. वसाहतीचा तुकडा पाडून मग तिला स्वातंत्र्य देऊ नये, हे संयुक्त राष्ट्रसंघाने १९६० सालीच बजावले होते. त्याला साम्राज्यवाद्यांनी केराची टोपली दाखविली. कारण वॉशिंग्टनला दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ हवा होता आणि त्याच्या मोबदल्यात ब्रिटनला पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या किमतीत १ कोटी ४० लाख डॉलरची सूट हवी होती. १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार चागोसवासीयांना त्यांच्या घरांतून, नारळीच्या वाड्यांतून, आप्तांच्या थडग्यांपासून उपटून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर फेकण्यात आले. त्यांचे कुत्रेदेखील विषारी धुराने मारण्यात आले. ज्या धावपट्टीसाठी हे केले, तिच्यावरून १९९१, २००१ आणि २००३ साली इराक व अफगाणिस्तानवर बाँब टाकणारी विमाने उडाली.

या अन्यायाविरुद्ध चागोसच्या स्त्रिया पोर्ट लुईच्या रस्त्यांवर उतरल्या, उपोषणाला बसल्या, पोलिसांचा मार खाल्ला. अर्धशतकाच्या झुंजीनंतर २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनचा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले. २२ मे २०१९ रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटनला सहा महिन्यांत निघून जाण्यास सांगितले. भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिले, ते योग्यच झाले.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसने आपल्या या भूमीवर ब्रिटनची परवानगी न घेता पहिले जहाज पाठविले. पेरोस बान्योस बेटावर मॉरिशसचा झेंडा उभारण्यात आला. हाकलून दिलेल्यांपैकी काही चागोसवासीयांनी इतक्या वर्षांनी आपल्या जन्मभूमीच्या वाळूवर गुडघे टेकले. तो क्षण कोणाही संवेदनशील माणसाच्या डोळ्यांत पाणी आणणारा होता. पण हे जहाज कोणते होते? कोट्यवधी डॉलर खर्चून घेतलेली, सार्वभौमत्वाचे प्रतीक म्हणून मिरविलेली ‘बॅराकुडा’ नव्हे. ते होते भाड्याने घेतलेले एक खाजगी जहाज, ‘ब्ल्यू द नीम’. शास्त्रीय पाहणीसाठी निघालेल्या मोहिमेत सशस्त्र नौका नको, असे राजनैतिक शहाणपण त्यामागे असेलही. तरीही गोष्ट उरतेच. ज्या पाण्यावर एका परकीय सत्तेने चोरीचा हक्क सांगितला होता, त्या पाण्यात राष्ट्राचा झेंडा नेण्याची वेळ आली, तेव्हा राष्ट्राची गस्ती नौका त्या झेंड्याबरोबर नव्हती.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात चागोसच्या हस्तांतरणाचा करार सहीबंद झाला. सार्वभौमत्व मॉरिशसचे, परंतु दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटन-अमेरिकेकडे! बेटाभोवती चोवीस सागरी मैलांच्या पट्ट्यात ब्रिटनच्या संमतीविना काही उभारता येणार नाही आणि दिएगो गार्सियाच्या मूळ रहिवाशांना आपल्याच बेटावर वसता येणार नाही. करार प्रत्यक्ष अंमलात येवो अथवा लांबणीवर पडो, त्याच्या कलमांतून साम्राज्यवादाचा डाव उघड झाला आहे. सातबाऱ्यावर नाव कुळाचे आणि वाड्यात वस्ती जमीनदाराची! उद्या ‘बॅराकुडा’ चागोसच्या पाण्यात गस्त घालू लागली, तर ती मॉरिशसच्या जनतेचा समुद्र राखील की पेंटॅगॉनच्या कुंपणाबाहेर फेऱ्या मारील, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी कसोटी: ‘वाकाशिओ’

२५ जुलै २०२० च्या संध्याकाळी ‘वाकाशिओ’ नावाचे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळ खडकावर चढले. मालकी जपानी कंपनीची, भाड्याने घेणारी दुसरी जपानी कंपनी, झेंडा पनामाचा आणि खलाशी भारत, श्रीलंका व फिलिपाइन्सचे. साम्राज्यवादी जहाजवाहतुकीचे सारे अर्थशास्त्र या एका जहाजात सामावले होते. कर चुकवायला एक देश, कायदा चुकवायला दुसरा आणि स्वस्तात राबायला तिसऱ्याची पोरे. जहाज रिकामे होते, पण त्याच्या टाक्यांत जवळजवळ ४००० टन इंधनतेल होते.

खडकावर चढल्यापासून तेल गळू लागेपर्यंत बारा दिवस गेले. बारा दिवस! इतक्या अवधीत तेल उपसण्यासाठी, तरंगते बांध घालण्यासाठी जे काही करता आले असते, ते झाले नाही. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे १००० टन तेल निळ्या खाजणांत, कांदळवनांत आणि प्रवाळांवर पसरले. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले.

अशा वेळी समुद्राचे रक्षण कोणी केले? जनतेने. हजारो माणसे किनाऱ्यावर धावली. कामगार, मच्छीमार, शाळेतील मुले, गृहिणी. त्यांनी उसाचे पाचट गोळा केले, कापडाच्या पिशव्यांत भरले, शिवले आणि त्याचे लांबच लांब तरंगते बांध तयार केले. ज्या उसासाठी त्यांच्या पणजोबांना बेड्यांसारख्या करारांत अडकवून आणले होते, त्याच उसाच्या पाचटाने त्यांनी आपला समुद्र वाचविण्याची शर्थ केली. सरकारी हुकूम येण्याआधी ते कामाला लागले होते.

भारताने तीस टन सामग्री आणि तटरक्षक दलाच्या दहा जणांचे पथक विमानाने पाठविले. ही मदत खरी होती आणि तिची नोंद केलीच पाहिजे. पण ती तेल पसरल्यावर दहा दिवसांनी पोहोचली. गस्ती नौका ही तेल उपसणारी नौका नव्हे, हे मान्य. तोच तर मुद्दा आहे! कर्ज काढून तोफा घेतल्या गेल्या. खोल समुद्रात ओढकाम करू शकणारी समर्थ टग बोट, पुरेसे तेलरोधक बांध, जहाजांच्या मार्गावर अहोरात्र नजर ठेवून वेळीच त्यांना रोखण्याची यंत्रणा, हे मात्र उधारीच्या यादीत कधी वर आले नाही. कारण ‘सुरक्षा’ या शब्दाचा अर्थ दिल्लीत, लंडनमध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये ठरतो. माहेबुर्गच्या मच्छीमाराला विचारले असते, तर त्याने वेगळी यादी दिली असती.

या सफाईच्या काळातच, ३१ ऑगस्ट २०२० रोजी, बंदरातील ‘सर गेताँ द्युवाल’ ही टग बोट वादळी समुद्रात बुडाली आणि तिच्यावरील आठांपैकी चौघे गेले. तिघांचे देह मिळाले, कप्तानाचा मिळालाच नाही. दोन दिवस आधी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर हजारो लोकांनी काळे कपडे घालून सरकारच्या नाकर्तेपणाचा धिक्कार केला होता. आणि शिक्षा कोणाला झाली? डिसेंबर २०२१ मध्ये जहाजाच्या भारतीय कप्तानाला आणि श्रीलंकेच्या त्याच्या सहायकाला प्रत्येकी वीस महिन्यांची कैद झाली. त्यांच्या हातून कर्तव्यात कसूर झाली, हे त्यांनी कबूल केले. पण कंपन्यांचे संचालक तुरुंगात गेले नाहीत. सोयीच्या झेंड्याची प्रथाही कायम राहिली. रत्नागिरीपासून मंगळूरपर्यंतच्या किनाऱ्यावरील घराघरांत ज्यांची मुले असल्या जहाजांवर जातात, त्यांनी या न्यायाचा अर्थ ओळखावा.

तिसरी कसोटी: मासळी

गस्ती नौका कोणाला पकडते? विनापरवाना मासेमारी करणाऱ्याला. हे आवश्यकच आहे. पण परवाना असलेला लुटारू तिच्या तडाख्याबाहेर राहतो. युरोपीय संघाशी झालेल्या कराराने स्पेन आणि फ्रान्सच्या महाकाय पर्ससीन जहाजांना मॉरिशसच्या समुद्रात ट्यूना धरण्याचा अधिकार दिला आहे. २०२२ च्या करारानुसार त्याबद्दल संघ वर्षाला सुमारे सव्वासात लाख युरो मोजतो. परवान्याची फी जहाजमालक वेगळी भरतात हे खरे, पण एका राष्ट्राच्या समुद्राचे दार उघडण्याची ही किंमत पाहिली, तर नववसाहतवाद म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

२०१५ साली हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या शास्त्रज्ञांनी पिवळ्या पराच्या ट्यूनाचा साठा अतिमासेमारीने खालावल्याचे सांगितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अनेक किनारी देशांच्या पुढाकाराने मासळी गोळा करणाऱ्या तरंगत्या सापळ्यांवर निर्बंध घालणारा ठराव मंजूर झाला. युरोपीय संघाने लगेच हरकत घेऊन तो स्वतःला लागू होऊ दिला नाही. ब्रसेल्सची ही ‘नियमाधारित व्यवस्था’! नियम छोट्यांसाठी आणि हरकती बड्यांसाठी. कोकणच्या पारंपरिक मच्छीमाराला हे चित्र अपरिचित नाही. पर्ससीनवाल्यांच्या दिव्यांच्या झगमगाटापुढे त्याची होडीही रिकामीच परतते आणि गस्तवाले नेमके तेव्हाच दिसेनासे होतात. मॉरिशसचा मच्छीमार आणि मालवणचा मच्छीमार यांच्यामध्ये हजारो मैलांचा समुद्र आहे, पण त्यांना लुबाडणारे जाळे एकाच विणीचे आहे.

आगालेगा आणि दोन चुका

२०१५ च्या ज्या भेटीत ‘बॅराकुडा’ सेवेत आली, त्याच भेटीत आगालेगा बेटांवरील सागरी व हवाई सुविधांच्या करारावर सह्या झाल्या. मॉरिशसच्या मुख्य बेटापासून सुमारे अकराशे किलोमीटरवरील या बेटांवर जेमतेम तीनशे माणसे राहतात. त्यांच्यासाठी तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आणि धक्का बांधण्यात आला आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचे उद्घाटन झाले. आजाऱ्याला मुख्य बेटावर नेण्यासाठी विमानाची सोय व्हावी, ही आगालेगावासीयांची मागणी रास्त होती. पण तीनशे माणसांसाठी पाणबुडीशोधक विमाने उतरतील एवढी धावपट्टी लागत नाही. हा लष्करी तळ नाही, असे दोन्ही सरकारे सांगतात. असे असेल, तर उद्घाटनापर्यंत कराराचा संपूर्ण मसुदा जनतेपुढे का ठेवला गेला नाही? ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या नारळ फोडले, तिची मालकी आपल्याला नाही, ही तेथील रहिवाशांची तक्रार धावपट्टीच्या डांबराखाली का दडपली गेली?

येथे दोन टोकांच्या चुका टाळल्या पाहिजेत.

पहिली चूक अंध राष्ट्रवादाची. भारताची नौका म्हणजे न्यायाची नौका, असे ती मानते. इतिहास इतका निरागस नाही. १९८३ साली मॉरिशसमधील सत्तासंघर्षात हस्तक्षेप करण्यासाठी ‘लाल डोरा’ या नावाने सैन्य पाठविण्याची तयारी दिल्लीत झाली होती, असे पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. सेनापतींतील मतभेदांमुळे ते बारगळले. थोरला भाऊ दार राखता राखता कधी घरात शिरतो, याचा नेम नसतो.

दुसरी चूक अतिडाव्या उतावळेपणाची. भारत हाच आता साम्राज्यवादी, ‘बॅराकुडा’ आणि दिएगो गार्सिया यांत फरक नाही, असे म्हणणारी मंडळी मोठ्या आवाजात बोलतात, पण विचार उणा करतात. कोणत्याही बेटावरून भारताने लोकांना हाकलले नाही. चागोसच्या प्रश्नावर भारत मॉरिशसच्या बाजूने उभा राहिला. वसाहतींच्या मुक्तीला पाठिंबा देण्याची परंपरा भारताच्या परराष्ट्र धोरणात आहे आणि ती जनतेच्या दबावाने टिकली आहे. मुख्य शत्रू आणि दोलायमान सत्ताधारी वर्ग यांत भेद न करणे म्हणजे मुख्य शत्रूला मोकाट सोडणे होय.

खरा दोष भारतीय सत्ताधारी वर्गाच्या दुटप्पीपणात आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले त्याच दिवशी, राष्ट्रसंघाने श्रीलंकेच्या पुढाकाराने हिंदी महासागर हे शांतताक्षेत्र असल्याची घोषणा केली. अमेरिकेचे ‘एंटरप्राइझ’ जहाज त्या वेळी बंगालच्या उपसागरात धमकी देत फिरत होते. दिएगो गार्सिया खाली करा, ही घोषणा त्या काळी भारताच्या गावोगावच्या सभांत दुमदुमली होती. त्याच भारताने ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेशी लष्करी पुरवठ्याच्या देवाणघेवाणीचा करार केला. राष्ट्रसंघात मॉरिशसच्या बाजूने हात वर करायचा आणि त्याच हाताने चोराशी परस्पर सोयीचा करार करायचा! अशा धोरणाच्या सावलीत ‘बॅराकुडा’ मॉरिशसच्या जनतेची होऊ शकत नाही. ती साम्राज्यवादी साखळीतील एक कडी बनण्याचा धोका राहतो, मग तिच्यावर झेंडा कोणताही असो.

जनतेची मागणी

तेव्हा प्रश्नाचे उत्तर ‘नौका परत घ्या’ हे नव्हे, आणि ‘आणखी नौका द्या’ हेही नव्हे. भारतातील लोकशाहीवादी आणि शांततावादी शक्तींनी सरकारकडे ठोस मागण्या केल्या पाहिजेत. आगालेगाचा करार संपूर्ण प्रसिद्ध करावा आणि त्या सुविधांचा कोणत्याही परकीय सत्तेला लष्करी वापर करू देऊ नये. गस्ती नौकांसाठीच्या कर्जाचे रूपांतर अनुदानात करावे. मॉरिशसच्या तटरक्षक दलाचे नेतृत्व ठराविक मुदतीत मॉरिशसच्याच अधिकाऱ्यांकडे जाईल असे प्रशिक्षण द्यावे. तोफांच्या आधी ओढकामाच्या नौका, तेलरोधक बांध आणि बचावसामग्री द्यावी. दिएगो गार्सियासह सर्व चागोस बेटांवर तेथील रहिवाशांना परतण्याचा हक्क मिळावा, यासाठी भारताने आवाज उठवावा. अमेरिकेशी केलेला लष्करी पुरवठ्याचा करार रद्द करावा आणि हिंदी महासागर शांतताक्षेत्राची घोषणा दप्तरातून काढून पुन्हा आपल्या धोरणाच्या केंद्रस्थानी आणावी. सार्वजनिक गोद्यांची विक्री थांबवावी, कारण विकलेल्या गोदीतून मैत्रीच्या नौका निघत नाहीत, फक्त मालाच्या निघतात.

या मागण्या दिल्लीच्या दरबारात आपोआप मान्य होणार नाहीत. गार्डन रीचचा आणि वास्कोचा गोदी कामगार, कोकणचा मच्छीमार, परदेशी जहाजांवर राबणारा खलाशी आणि पोर्ट लुईचा गोदी कामगार यांचे हितसंबंध एक आहेत, ही जाणीव संघटनांच्या कामातून रुजवावी लागेल. ज्या हातांनी ‘बॅराकुडा’चा सांगाडा जोडला आणि ज्या हातांनी उसाच्या पाचटाचे बांध शिवले, ते हात एकमेकांना ओळखू लागतील, तेव्हा मॉरिशसच्या समुद्राला खरा पहारेकरी मिळेल. तोपर्यंत पोर्ट लुईच्या बंदरात उभ्या असलेल्या त्या नौकेकडे पाहताना एकच प्रश्न विचारत राहिले पाहिजे: हिला हुकूम कोण देतो?